मंदा हरवल्याची जाहीर नोटीस

मंदा बारावी सायन्सला बाहत्तर टक्के मिळवून पास झाली आणि त्या दिवसापासून गिरधरभाऊंच्या घरात चहाची पावडर पुरेनाशी झाली. येणारा माणूस पेढा उजव्या हातात घेई आणि डाव्या हाताने मंदाचं भविष्य ठरवून जाई. अठ्ठ्याऐंशी सालचा जून. धुळ्याचं ऊन अजून उतरलेलं नव्हतं. गल्ली नंबर चारमधल्या त्या दोन खोल्यांत पंख्याखाली बसून माणसं सांगत होती की पोरीला डी.एड. करा, बी.एस्सी. करा, नर्सिंगला घाला, आणि काहीही करा, टायपिंग तेवढं करून ठेवा.

या सल्लागारांत शेजारचे लीलाधर चौधरी सगळ्यांत पुढे. ते विम्याचे एजंट. विम्याच्या माणसाला जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं आधीच दिसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"भाऊ, पोरीला काय आवडतं ते सोडा," ते म्हणाले. "रिटायरमेंटला काय मिळतं ते बघा. आपण शेवटाकडून सुरुवात करायची."

मंदा अठरा वर्षांची होती. तिच्या रिटायरमेंटच्या काळजीने गिरधरभाऊंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

गिरधरभाऊ पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते. टेबल स्वच्छ, अक्षर वळणदार, कागद जिथल्या तिथे. आयुष्यात त्यांनी कुणाचं काही बुडवलं नव्हतं आणि ऑफिसला कधी उशीर केला नव्हता. एकच खोड होती. समोर बसलेल्या माणसाला त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. ऑफिसात याला 'सहकार्याची वृत्ती' म्हणत. गोपनीय अहवालात साहेबांनी तसा शेराही मारला होता. घरी त्यांच्या पत्नी कुंदाबाई त्याला वेगळं नाव देत, पण ते अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं.

"घाई नको," गिरधरभाऊंनी जाहीर केलं. "सगळीकडे रीतसर चौकशी करू, मग ठरवू."

आता चौकशी करायची म्हणजे नातेवाइकांकडेच जायचं, हे ओघानं आलं. परक्या माणसाकडून खरी माहिती मिळण्याचा धोका असतो.

पहिली चौकशी पांझरा नदीच्या पलीकडे, देवपूरला झाली. थोरले भाऊ धनसिंगनाना तिथल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होते. नानांनी प्रश्न पूर्णही होऊ दिला नाही.

"बी.एस्सी. दुसरं काय? मी इथं बसलेला असताना माझी पुतणी दुसरीकडे शिकायला गेली तर लोक मला काय म्हणतील?"

हा प्रश्न मंदाच्या शिक्षणाचा होता की नानांच्या खुर्चीचा, असं गिरधरभाऊंच्या मनात आलं. पण नाना वडिलांच्या जागी. तोंडातून निघालं, "तुम्ही म्हणाल तसं, नाना."

"मग उद्या दाखला आणून दे. मी कपाटात ठेवून घेतो. यादी लागायच्या आधीच आपली जागा पक्की."

शाळा सोडल्याचा मूळ दाखला! माणसाला एक जन्म आणि एक दाखला. तो गिरधरभाऊंनी दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नानांच्या हातात दिला, आणि चौकशी संपल्याच्या समाधानात घरी आले.

घरी कुंदाबाई पदर खोचून उभ्याच होत्या. "नानाकडे जाई उनात. मग मनी बहीणनं घर काय वाईट शे का?"

वाईट मुळीच नव्हतं. पाचोऱ्याला गिरधरभाऊंचे साडू भाईदासमास्तर एका डी.एड. विद्यालयात शिकवत होते. त्यांनी आधी आमरस वाढला. तिसऱ्या वाटीनंतर माणसाची प्रतिकारशक्ती संपते हे मास्तरांना ठाऊक असावं, कारण प्रश्न त्यांनी नेमका तेव्हा काढला.

"पोरीला शिकवायची आवड आहे ना, साडूभाऊ?"

"लहानपणापासून," गिरधरभाऊ म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मास्तरांचा चेहरा असा काही उजळला की त्यांना पुढे जावंच लागलं. "घरात कुणी नसलं की भिंतीला शिकवायची."

मंदाने भिंतीला कधी काही शिकवलं नव्हतं. लहानपणी ती भिंतीवर चेंडू मारायची आणि एकदा त्यात ट्यूबलाइट फुटली होती, एवढाच तिचा नि भिंतीचा संबंध. पण भाईदासमास्तरांचे डोळे पाणावले. असा विद्यार्थी आपल्याला कधी मिळालाच नाही, म्हणाले. फॉर्म त्यांनी स्वतःच्या हातानं भरला.

आता बहिणीकडे गेल्यावर भावाला वगळून कसं चालेल? कुंदाबाईंचा भाऊ झुलाल दीपनगरला, औष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर होता. या खेपेस मंदाही बरोबर होती. झुलालनं दोघांना क्वार्टरच्या गच्चीवर नेलं आणि घरचं झाड दाखवावं तशा वीज केंद्राच्या चिमण्या दाखवल्या. गिरधरभाऊंच्या पांढऱ्या शर्टावर राख बसत होती. ती झटकली तर मेहुण्याला वाईट वाटेल म्हणून ते तसेच उभे राहिले.

"दाजी, डिप्लोमा!" झुलाल म्हणाला. "बारावीनंतरही घेतात. जळगावच्या पॉलिटेक्निकचा फॉर्म मी आणूनच ठेवलाय. काय मंदा, मशिनरीची आवड आहे ना?"

मंदाने तोंड उघडलं. पण तिच्या आधी तिचे आप्पा, म्हणजे गिरधरभाऊच बोलले.

"आवड? अरे, घरातला मिक्सर बंद पडला होता तो हिनंच खोलून दुरुस्त केला!"

मिक्सर आग्रा रोडवरच्या दुकानात आठ दिवस पडून होता आणि तिथून मंदाच तो रिक्षात मांडीवर घेऊन आली होती. तिने आप्पांकडे पाहिलं. गिरधरभाऊ चिमणीकडे पाहू लागले.

संध्याकाळी क्वार्टरच्या दारात तीन बाया उभ्या होत्या. एकीच्या हातात मिक्सर, दुसरीच्या हातात इस्त्री, तिसरीनं टेबलफॅन कडेवर घेतला होता. झुलालनं आनंदाच्या भरात सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. मंदा शांतपणे म्हणाली, "हत्यारं घरी राहिली, मावशी." बाया गेल्या. परतीच्या एस.टी.त ती धुळं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. आपण पोरीलाही खोटं बोलायला लावलं, हे गिरधरभाऊंना टोचत होतं. टोचणी थांबावी म्हणून त्यांनी एरंडोलला तिला भेळ घेऊन दिली. तिने ती मांडीवर तशीच ठेवली.

जुलैत याद्या लागल्या, आणि तिन्ही ठिकाणी मंदाचं नाव आलं.

खरं पाहता बाहत्तर टक्क्यांवर ते येणारच होतं. पण नानांचा निरोप आला, "शब्द टाकला होता, काम झालं." पाचोऱ्याहून कार्ड आलं, "मी स्वतः लक्ष घातले." झुलालनं ऑफिसात फोन करून सांगितलं, "दाजी, साहेबाच्या बंगल्यावर दोनदा गेलो, तेव्हा जमलं." नानांच्या कपाटात दाखला होताच; उरलेल्या दोघांनी एकच गोष्ट मागितली. येत्या शनिवारपर्यंत मूळ दाखला.

तिघांपैकी दोघांना 'नाही' कळवायचं, इतकंच काम होतं. एक पोस्टकार्ड पाचोऱ्याला आणि एक दीपनगरला. गिरधरभाऊंनी दोन कार्डं आणलीसुद्धा. 'सा. न. वि. वि.' लिहून झालं आणि पुढे पेन हलेना. नानांना नाही म्हणावं तर भावकी, भाईदासना म्हणावं तर बायकोची बहीण, झुलालला म्हणावं तर थेट बायको. मंदाला विचारावं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ती आत बसून गहू निवडत होती.

कुंपणापलीकडून लीलाधर चौधरींनी तोड काढली.

"हरवला म्हणा. हरवलेल्या दाखल्याची दुसरी प्रत मिळते. पोलिसात नोंद, पेपरात नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि हेडमास्तरांना अर्ज. दुसरी प्रत पाचोऱ्याला देऊन टाका."

"आणि जळगावला?"

"एकदा हरवलेली वस्तू पुन्हाही हरवू शकते."

"पण चौधरी, तो हरवलेलाच नाही हो."

"ते तुम्हाला माहीत, भाऊ. सरकारला कुठं माहीत आहे?"

समोरचा माणूस इतक्या आपुलकीने सांगत होता. त्यालाही नाही कसं म्हणायचं?

पोलीस चौकीत पाऊल टाकताच गिरधरभाऊंच्या कपाळावर घाम आला. हवालदार मात्र सज्जन निघाला. त्यानं बसायला स्टूल दिलं, रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "कुठं हरवला?"

याचा विचारच करून आणला नव्हता. खोटं बोलायचा सराव नसला की असं होतं. वस्तू हरवायची जागा म्हणून त्यांना एकच सुचली. "एस.टी.त. धुळे-जळगाव."

"कोणती गाडी? कधीची? रोज पंधरा गाड्या जातात, साहेब. असं मोघम लिहून कसं चालेल?"

हवालदाराच्या स्वरात नाराजी होती आणि ती गिरधरभाऊंना सोसवेना. शिवाय कागदपत्र अपुरं ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. परवाच ते खात्याच्या कामाने जळगावला जाऊन आले होते आणि प्रवासभत्त्याच्या बिलासाठी तिकीट खिशात जपून ठेवलेलं होतं. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं.

हवालदाराला भरून आलं. "इतक्या वर्षांत पहिला माणूस पाहिला, जो पुरावा घेऊन आला," म्हणाला, आणि तिकिटाचा नंबर त्यानं ठळक अक्षरांत उतरवून घेतला. त्या नंबरामागे एक जिवंत कंडक्टर उभा आहे, हे गिरधरभाऊंच्या ध्यानातही आलं नाही. उलट नोंद पक्की झाल्याचं त्यांना बरंच वाटलं.

तिथून ते पेपरच्या ऑफिसात गेले. नोटिशीचा मजकूर त्यांनी घरूनच तयार करून नेला होता: 'माझी मुलगी कु. मंदा गिरधर पाटील हिचा शाळा सोडल्याचा दाखला धुळे ते जळगाव एस.टी. प्रवासात हरवला आहे. सापडल्यास खालील पत्त्यावर आणून द्यावा. योग्य बक्षीस दिले जाईल.' खिडकीतला माणूस म्हणाला, "चार ओळींत बसत नाही. मी जरा बसवून घेऊ का?"

"बसवा," गिरधरभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींत बसलेली नोटीस सगळ्या खानदेशाने वाचली. 'माझी मुलगी कु. मंदा गिरधर पाटील ही शाळा सोडल्यानंतर धुळे ते जळगाव एस.टी. प्रवासात हरवली आहे. सापडल्यास खालील पत्त्यावर आणून द्यावी. योग्य बक्षीस दिले जाईल.'

मंदाला हे नळावर कळलं. ती हंडा घेऊन गेली, तेव्हा बायका बोलता बोलता गप्प झाल्या आणि एकीनं तिला हात लावून पाहिलं. हंडा तिथंच ठेवून ती घरी आली, पेपर वाचला आणि घडी घालून आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"मी हरवले?" तिने विचारलं.

"छपाईची चूक आहे गं. दाखला हरवलाय असं लिहायचं होतं."

"दाखला तर नानांकडे आहे."

गिरधरभाऊंनी चष्मा पुसायला घेतला.

आठ वाजेपर्यंत दारात माणसं जमली. कुणी हळहळायला आलं, कुणी नुसतंच बघायला. कॉलेजची दोन पोरं सायकल टेकवून बक्षीस किती आहे ते विचारून गेली. लीलाधर चौधरी येऊन कानात म्हणाले, "भाऊ, मी फक्त दाखला हरवा म्हटलं होतं." कुंदाबाई स्वयंपाकघरात पालथ्या हाताने डोळे पुसत होत्या. "आते मनी पोरले कोन स्थळ आनी?" हे वाक्य त्या भिंतीला सांगत, पण आवाज ओसरीपर्यंत येत असे. मंदा पळून गेली होती आणि तिला धरून आणलं, असं तिसऱ्या गल्लीत पक्कं झालंही होतं. मंदा खिडकीजवळ पुस्तक घेऊन बसली होती. दिवसभरात तिने पान उलटलं नाही.

नाना सायकलवरून पहिले आले. दुपारी भाईदासमास्तर पाचोऱ्याहून आले. तिसऱ्या प्रहरी झुलाल दीपनगरहून, ड्युटीच्याच कपड्यांत. तिघंही घाबरेघुबरे होऊन धावत आले होते, हे सांगायलाच हवं. मंदाला समोर बघून तिघांनी देवाचं नाव घेतलं, पाणी प्यायले, आणि मग एकमेकांकडे पाहून प्रत्येकाला एकच शंका आली, पोर हरवली नाही तर नोटीस कशाची? पण ती कुणी बोलून दाखवायच्या आत दारात खाकी कपड्यांतला एक माणूस उभा राहिला. हडकुळा, गालावर दोन दिवसांची दाढी, टोपी हातात.

"राम राम. गिरधर पाटील कोन शेतस?"

"मीच," गिरधरभाऊ म्हणाले.

"मी लोटन, भाऊ. त्या गाडीना कंडक्टर. मना गाडीमा कोनतीच पोर हराई गयी नही, देवनी आन. मी उतारू मोजीसन उतारस." बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. "पोलिसना फोन उना. सकायपाईन माले हापिसमा बसाडी ठेवं. ड्युटी काढी लिधी."

झालं होतं असं, की पेपर वाचून त्या सज्जन हवालदाराला प्रश्न पडला होता, आपण काल 'दाखला' ऐकलं की 'मंदा'? कर्तव्यात कसूर नको म्हणून त्यानं तिकिटाचा नंबर घेऊन आगारात फोन केला होता.

मंदा आतून पाण्याचा पेला घेऊन आली. लोटननं पेला घेतला, आणि तोंडाला लावता लावता थांबला.

"हाई पोर कोन शे?"

"मीच मंदा," ती म्हणाली.

लोटन तिच्याकडे बघतच राहिला. मग गिरधरभाऊंकडे वळला. "मग हराई काय गयं, भाऊ?"

"म्हणजे... तो... दाखला," गिरधरभाऊ चाचरत म्हणाले. "शाळेचा. गाडीत कुठंतरी..."

"दाखलाही हरवला नाही, काका," मंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो देवपूरला आहे. नानांच्या कपाटात."

मग सगळ्यांत आधी नानांमधला हेडक्लार्क जागा झाला.

"गिरधर! माझ्या कपाटातली वस्तू हरवली म्हणून तू पोलिसात लिहून दिलंस? माझ्या कपाटातली?"

"पण तो नानांच्या कपाटात कशाला?" भाईदासमास्तर उठले. "तो तर शनिवारी पाचोऱ्याला यायचा होता."

"पाचोऱ्याला?" झुलाल म्हणाला. "दाजी, मी साहेबाच्या बंगल्यावर दोनदा गेलो!"

तिघांनाही तिन्ही प्रवेशांचा उलगडा होत गेला आणि तिघंही गिरधरभाऊंकडे पाहू लागले. मास्तरांचा आवाज पडला होता. "साडूभाऊ, ती भिंतीला शिकवायची ना?"

"मी चेंडू मारायचे, काका," मंदा म्हणाली.

"आणि मिक्सर?" झुलालनं विचारलं.

"दुकानात दिला होता, मामा."

गिरधरभाऊ शहाबादी फरशीकडे बघत उभे होते. ऑफिसात एखादा शिपाई असा मान घालून उभा असे, तेव्हा ते सांभाळून घ्यायचे त्याला. आज त्यांना सांभाळून घेणारं कुणी नव्हतं. लोटननं पेला रिकामा करून खाली ठेवला आणि टोपी घातली.

"मी जास. पन भाऊ, हाई बठ्ठं आगारमा येईसन सांगा. मनं कोनी ऐकस नही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो विनंती करत होता.

दुसऱ्या दिवशी गिरधरभाऊंनी रजा टाकली आणि आगारात गेले. मंदा बरोबर निघाली तेव्हा ते म्हणाले, "तू कशाला?" ती म्हणाली, "मी हरवले नाही हे बघायला त्यांना मी लागेनच ना."

आगारप्रमुखांनी मंदाला पाहिलं, सगळं ऐकलं, आणि जबाबाचा कागद पुढे ओढला. "खोटी तक्रार का दिली? कारण काय लिहू?"

गिरधरभाऊंनी पुष्कळ विचार केला. "नातेवाइकांना नाही म्हणता आलं नाही."

"अहो, इथं एस.टी.चा संबंध काय?"

"काहीच नाही, साहेब."

"मग तसंच लिहितो. 'एस.टी.चा काही संबंध नाही.' करा सही."

आपल्या वळणदार अक्षरात गिरधरभाऊंनी सही केली. चौकीतही जाऊन नोंद मागे घ्यावी लागली. हवालदारानं या वेळी स्टूल दिलं नाही. लोटनला त्याच दिवशी गाडी मिळाली. निघताना गिरधरभाऊंनी त्याच्यापुढे हात जोडले तेव्हा तो कसनुसं हसला.

"मनं काय, भाऊ. पन बायको रातभर एकच इचारे, ती पोर कोन व्हती?" मग मंदाकडे बघून म्हणाला, "बरं व्हयनं, तू दिसनी. आते घर जाईसन सांगस."

त्याची गाडी फलाटावरून निघून गेल्यावर दोघं स्टँडच्या बाकावर बसली. आजूबाजूला चार माणसं आपल्याकडेच बघताहेत असं गिरधरभाऊंना वाटत होतं, आणि त्यांपैकी दोन खरोखरच बघत होती. त्यांनी विचारलं, "तुला काय करायचंय, मंदा?"

"मला माहीत नाही, आप्पा."

त्यांनी चमकून पाहिलं. इतकं रामायण झाल्यावर तिच्या मनात काहीतरी दडलेलं असेल, ते ती सांगेल, आणि आपण ते मोठ्या मनाने मान्य करू, अशी त्यांनी तयारी केली होती.

"खरंच माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. पण मग मी जाऊन बघितलं असतं. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, पण तिथं शिकणाऱ्या एकीला तरी विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. मंदा रोज सकाळी निघे आणि गिरधरभाऊ मागून पिशवी घेऊन चालत. आत ती एकटी जाई. ते फाटकाबाहेर लिंबाखाली बसत. देवपूरच्या कॉलेजात तिनं शेवटच्या वर्षाच्या पोरींना गाठलं. त्या म्हणाल्या, बी.एस्सी. छान आहे, पण नंतर काय ते आम्हीही अजून विचारतोय. पाचोऱ्याला ती पाठाच्या तासाला मागच्या बाकावर बसून आली. बाहेर येऊन म्हणाली, "काका चांगलं शिकवतात. मला मात्र चाळीस पोरांपुढे घाम फुटेल." ही गोष्ट तिनं स्वतः आत जाऊन काकांनाही सांगितली, आणि भाईदासमास्तर तिच्यावर नव्हे, फाटकाबाहेरच्या साडूवर नाराज राहिले. गिरधरभाऊंनी आत जाऊन माफी मागितली. त्या दिवशी आमरस नव्हता.

जळगावच्या पॉलिटेक्निकला तिला फार वेळ लागला. ऊन डोक्यावर आलं तरी येईना, तेव्हा गिरधरभाऊंनी कुंपणातून डोकावून पाहिलं. मैदानावर सिव्हिलची पोरं मोजणी करत होती. त्यांत ओढणी कमरेला बांधलेल्या दोन मुली होत्या. एक दुर्बिणीला डोळा लावून ओरडत होती, दुसरी वहीत आकडे लिहीत होती. आणि लांब टोकाला, रंगीत पट्ट्यांची मोजपट्टी सरळ धरून, एक डोळा मिटून मंदा उभी होती. दुर्बिणीतली मुलगी ओरडली, "डावीकडे! अजून! बस्स!" आणि मंदा हसली. महिन्याभरात तिला हसताना गिरधरभाऊंनी पाहिलं नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं. ते गुपचूप मागे सरले आणि लिंबाखाली जाऊन बसले.

ती आली तेव्हा नाक उन्हाने लाल झालं होतं. "सिव्हिल," म्हणाली. झुलालमामा तिला इलेक्ट्रिकलला घालणार होता, तेव्हा खूश होणारं नात्यात आता कुणीच उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी गिरधरभाऊ देवपूरला गेले. नानांनी दाखला कपाटातून काढून दिला. भावाला ते 'बस' म्हणाले नाहीत.

शनिवारी प्रवेशाच्या खिडकीपाशी रांग होती. "तुम्ही बाहेर थांबा, आप्पा," मंदा म्हणाली. ते व्हरांड्यात थांबले. शेजारी चाळीसगावकडचे एक गृहस्थ मुलाची वाट पाहत उभे होते. बोलण्यात नाव, गाव, खातं निघालं आणि गृहस्थांनी त्यांचा दंडच धरला.

"गिरधर पाटील म्हणजे, पेपरात आलं होतं ते? एस.टी.त मुलगी हरवलेले? अहो, आमच्या घरी बायकांनी नवस बोलला! सापडली का?"

माणूस मोठ्या आशेने बघत होता. 'सापडली, तुमच्या आशीर्वादानं', एवढं म्हटलं की काम भागत होतं. त्याला बरं वाटलं असतं, घरच्या बायकांना बरं वाटलं असतं, आणि मंदा रांगेत होती, ऐकायला नव्हती. शब्द जिभेवर येऊन बसले.

"हरवली नव्हती," गिरधरभाऊ म्हणाले. "मी खोटं सांगितलं होतं."

गृहस्थांनी दंड सोडला. पुढचं ऐकायला ते थांबले, म्हणून गिरधरभाऊंना सांगावंच लागलं. आमरस, भिंत, मिक्सर, हवालदार, तिकीट, लोटन, सगळं. गृहस्थ एकदा हसले, मग लोटनची ड्युटी काढली तिथं हसायचे थांबले. सांगता सांगता गिरधरभाऊंचं लक्ष दाराकडे गेलं. मंदा बाहेर आली होती. किती वेळ झाला होता कोण जाणे. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि आप्पांचं सांगून पुरं होईपर्यंत ऐकत राहिली.

गृहस्थांनी तिच्या हातातली सिव्हिलच्या प्रवेशाची पावती पाहिली. "म्हणजे आता ओव्हरसियर होणार पोरगी. तुमच्याच खात्यात लागली, तर तुमची साहेब होईल की हो!"

"होईन," मंदा म्हणाली. "पण आप्पांच्या ऑफिसात नको."

सवयीने गिरधरभाऊंनी पावतीसाठी हात पुढे केला. कागद सांभाळायचं काम घरात त्यांचंच होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझ्याजवळच ठेवते."

तिनं पावतीची घडी घातली, आपल्या पर्समध्ये ठेवली, चेन ओढली, आणि स्टँडच्या दिशेने निघाली. रिकामी पिशवी काखेत मारून गिरधरभाऊ तिच्या मागोमाग चालू लागले.